चार हातांची ठकूबाई

वाईचा माणूस दुसऱ्या गावच्या घाटावर घसरून पडला, ही गोष्ट वाईत कोणाला सांगू नये असे मी ठरवले होते. पण ती वगळली तर नाशिकची हकिकत पुढे सरकत नाही.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. शिमग्याला जोडून चार दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा एक पिशवी आणि चित्रांची वही घेऊन निघालो. वाठारला गाडी धरली, पुण्याला बदलली, कल्याणला पुन्हा बदलली आणि नाशिक रोडला उतरून पाहतो तो नाशिक कुठेच दिसेना.

"गाव एवढं लांब का हो?" मी टांगेवाल्या कासमभाईंना विचारले.

"गाव पहिल्यापासून तिथंच हाय साहेब," ते लगाम ओढत म्हणाले. "स्टेशनच लांब येऊन बसलं."

तासभर हाडे खिळखिळी झाल्यावर गंगा दिसली. (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात.) धर्मशाळेत पिशवी टाकली, झणझणीत चिवडा खाल्ला आणि तोंडाची आग विझवायला द्राक्षांचा पुडा घेऊन घाटावर गेलो. आमची कृष्णा संथ आणि घाट शांत. इथे स्नान करणारे, भांडी घासणारे, भटजी आणि गाई एकाच पायरीवर. मी पाहत होतो देवळाच्या शिखराकडे. पाय पडला शेवाळावर. आणि मी बसलो तो थेट गुलछडीने (म्हणजे आपल्याकडच्या निशिगंधाने) भरलेल्या पाटीत.

"आरं देवा! भाऊ, बसाया दगड कमी पडलं व्हय?"

पाटीची मालकीण साठीची, काटक, पदर हनुवटीवरून ओढून घेतलेली बाई होती. मखमलाबादच्या मळ्यातून रोज फुले आणणारी ठकूबाई. मी ओल्या धोतराने उठलो, क्षमा मागितली, नुकसान भरून द्यायला खिशात हात घातला.

"पैसं नको," ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली. "तुमच्या अंगात कोट हाय. मला त्या बँकेत घिऊन चला."

"बँकेत तुमचे काय काम?"

"बँक कव्हाच हलली दुसरीकडं. आता तिथं जुन्या वस्तू मांडल्यात. कुनालाबी सोडत्यात म्हनं. पर दाराशी गेलं का पाय मागं येतो. तिथला शिपाई लय वर्सं हाकलायचा ना आमाला, चिखलाचं पाय म्हनून."

"आत पाहायचे तरी काय?"

"मी," ठकूबाई म्हणाली.

वाटेत तिने सगळे सांगितले. ती नवी नवरी असताना बँकेसाठी लक्ष्मीचे चित्र काढायला मुंबईकडचा एक चित्रकार आला. लक्ष्मीच्या हातातल्या फुलासाठी तो मळ्यात कमळे शोधत आला, आणि कमळाऐवजी त्याला ठकूबाई सापडली. सासऱ्यांच्या परवानगीने अकरा दिवस तिला विहिरीपाशी उभे केले. चित्र बँकेत गेले. तिने ते कधीच पाहिले नाही.

"मालक हसायचे. म्हनायचे, तुझं तोंड कोन लावतंय बँकेत! मागल्या साली गेले. त्यांना दावायचं ऱ्हायलं."

बँकेची दगडी इमारत आत थंडगार होती. जाळीच्या खिडकीमागे भिकाजीपंत बसले होते. बँकेतले जुने मुख्य कॅशियर. पेन्शन घेतल्यावर या वस्तुसंग्रहालयाचे व्यवस्थापक झाले होते, पण खुर्ची तीच होती. त्यांनी आमची नावे आणि कामधंदे लिहून घेतले, मला सात नंबरचा पितळी बिल्ला दिला, ठकूबाईला आठ, आणि बाकावर बसायला सांगितले. दालनात आम्हा तिघांखेरीज चिटपाखरू नव्हते.

पाच मिनिटांनी पुकारा झाला, "नंबर सात!"

"पहिले सहाजण आत आहेत का?"

"एक ते सहा बिल्ले हरवलेत," ते गंभीरपणे म्हणाले. "नंबर आठ!"

त्यांनी आम्हाला जुनी वजने दाखवली, गंजलेल्या तलवारी दाखवल्या, एक अवाढव्य हंडा दाखवला. ठकूबाईची मान खाली ती खालीच. शेवटी आम्ही मोठ्या तसबिरीपुढे थांबलो.

"श्रीलक्ष्मी," भिकाजीपंत म्हणाले. "सर्वस्वी चित्रकाराच्या कल्पनेतली. हनुवटीवर माश्यांनी तीन डाग पाडले होते. मी बटाट्याने घासून एक घालवला. उरलेले दोन उद्या पेंटर येऊन रंगाने बुजवणार आहे."

तेव्हा ठकूबाईने मान वर केली.

दोन हत्ती, गुलाबी कमळ, चार हात आणि मध्ये सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी, हसू दाबून उभी. ठकूबाई बराच वेळ बघत राहिली. मला वाटले, आता रडेल.

"नथ काढली मेल्यानं," ती म्हणाली. "सासूबाईंनी शेजारनीची मागून आनलेली. अकरा दिस घालून उभी होते."

मग तिने हनुवटीवरचा पदर खाली केला. तिथे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते.

भिकाजीपंतांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मास्तर, असले गोंदण अर्ध्या जिल्ह्याला आहे. मी कशावरून मानायचे?"

आता मला गप्प बसवेना. स्टूल मागून घेतले, वर चढलो, खिशातले भिंग काढले. वीस वर्षे मुलांनी सांडलेले रंग पुसणाऱ्या माणसाला डाग आणि रंग यांतला फरक कळतो. "माश्यांची घाण वार्निशावर बसते," मी वरून म्हणालो. "हे ठिपके वार्निशाखाली आहेत. चित्रकाराने चेहऱ्याबरोबरच काढलेत. आणि तुम्ही डाग घालवला नाहीत पंत, चित्र खरवडलेत."

भिकाजीपंतांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा पुसला. एकदा ठकूबाईची हनुवटी, एकदा चित्राची, पुन्हा ठकूबाईची. आयुष्यभर चेकवरच्या सह्या त्यांनी अशाच ताडून पाहिल्या असणार.

"जुळते," ते हळूच म्हणाले. मग एकदम बाकावर बसले. "तीस वर्षे! तीस वर्षे रोज सकाळी ह्यांना नमस्कार करून मी तिजोरी उघडली!"

"मंग आज बी करा की," ठकूबाई म्हणाली.

पंतांचे हात सवयीने अर्धे जुळले आणि तिथेच अडकले.

"भाईर शिपाई मला हाकलायचा, आन् आत तुमी मलाच निवद दावायचा!" ती इतकी हसली की तिलाही बाकावर टेकावे लागले. "आन् भाऊ, ह्ये वरचं दोन हात माझं न्हाईत बरं का. आसतं तर निंदनी दुपारच्या आत उरकली आसती."

त्र्यंबकला जायचा माझा बेत होता, तो रद्द केला. दुसऱ्या दिवशी पेंटर आला. ठिपके बुजवायला आलेल्या त्या माणसाने, कॅशियरच्या खुर्चीत बसवलेल्या ठकूबाईकडे बघून, गेलेला तिसरा ठिपका परत काढला. मी शेजारी उभा राहून त्याला नको इतक्या सूचना दिल्या. भिकाजीपंतांनी नवी पाटी लिहायला घेतली: 'श्रीलक्ष्मी. चेहरा: ठकूबाई, मखमलाबाद.'

"त्यांचं बी नाव टाका," ती म्हणाली. "न्हाय तर वर पुन्ना म्हनतील, खोटं बोलती."

पण नवऱ्याचे नाव ती तोंडाने घेईना. पंत लेखणी धरून थांबले. शेवटी ती लाजत म्हणाली, "किस्नाचा थोरला भाऊ," आणि पंतांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'भ्रतार बळीराम'.

घरी पोहोचलो तो शुक्रवार. आंघोळ करून देवघरापुढे उभा राहिलो. भिंतीवर लक्ष्मीचे छापील चित्र, आमच्या लग्नापासूनचे. वर्गात अशी कितीतरी चित्रे मी मुलांकडून गिरवून घेतली. नाक सरळ काढा, बोटे निमुळती काढा. हा चेहरा कुठल्या विहिरीपाशी किती दिवस उन्हात उभा राहिला असेल, हे मनात कधी आले नव्हते. मी चष्मा लावून पुढे वाकलो.

"काय बघताय?" बायको फुले घेऊन आली.

"ह्या बाई कोण असतील?"

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "आधी नमस्कार करा," ती म्हणाली, "मग काय ती तपासणी."

मी हात जोडले. कोणाला, ते मात्र मला नक्की सांगता येणार नाही.