कोणाला सापडला

देवपूरच्या कॉलेजातली पोरं सरांना भीत नसतील एवढी तोतारामनानांना भीत. नाना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले साधे शिपाई. पण किडे टाचण्यात त्यांचा शब्द शेवटचा. भुंगेरा असेल तर पीन उजव्याच पंखातून जायला हवी, आणि पिनेखाली चिठ्ठी हवीच: कुठे, कधी, कोणाला सापडला. चिठ्ठी विसरणाऱ्याचा किडा ते सरळ केराच्या डब्यात टाकत. एकदा लिहिलेली चिठ्ठी बदलायची नाही, हेही त्यांनीच पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

खरं सांगायचं तर नानांना स्वतःला किडे सापडतच नसत. सापडत ते त्यांच्या बायकोला. सरपणात, भाजीच्या जुडीत, ओटा झाडताना, भिकुबाईची नजर घारीची. काडेपेटीत घालून आणायची आणि विचारायची, "यानं नाव काय शे?" नाना पुस्तक उघडायचे. नाव मिळालं की बाई दिवसभर खूश.

पंच्याऐंशी साली तिनं बोरीच्या सरपणातून दोन भुंगेरे काढले, काळे, पाठीवर पिवळे ठिपके असलेले. कुठल्याच पुस्तकात त्यांचं नाव मिळेना. शेवटी सर म्हणाले, एक मोठ्या संग्रहालयाकडे पाठवू, दुसरा आपल्या पेटीत ठेवू. नाना चिठ्ठ्या लिहायला बसले.

"मन्हं नाव लिखं का तुम्हीन?" बाईनं विचारलं.

"बाईनं नाव कोठे लिखतस का?" नाना हसले, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव घातलं. बायकोचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढचा सगळा संसार 'अवं'वर चालला होता. ती चहा टाकायला उठून गेली.

उत्तर यायला सहा वर्षं लागली. तोवर भिकुबाई काविळीनं गेली होती. अंथरुणावरूनसुद्धा विचारायची, "कागद उना का?"

कागदात किड्याचं नाव होतं, जिभेला न वळणारं. खाली लिहिलं होतं, या जातीचा आमच्याकडचा हा पहिलाच नमुना, नोंदवहीत चढवला आहे, संग्राहक तोताराम. कॉलेजनं शाल-नारळ दिलं. ती शाल नानांना अंगावर ठेववेना. घरी येऊन ते पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी सरांकडून पत्र लिहून घेतलं: किडा मला नाही, माझ्या बायकोला सापडला, नाव बदला.

तिकडून सभ्य उत्तर आलं. मूळ चिठ्ठी बदलता येत नाही. मात्र ज्यांना सापडला त्यांनी स्वतःच्या सहीनं कळवल्यास खाली दुसरी चिठ्ठी जोडता येईल.

नाना रागावले नाहीत. नियम त्यांचाच होता. कॉलेज सुटल्यावर त्यांनी पेटी उघडून दुसऱ्या भुंगेऱ्याची पीन हळूच उपसली. वाळून त्याचा एक पाय केव्हाच गळाला होता. एक कोरी चिठ्ठी घेऊन त्यांनी सावकाश लिहिलं आणि जुनीच्या खाली खोवली. मग, पोरांच्या चिठ्ठ्या तपासायची सवय, म्हणून मोठ्यानं वाचली, "देवपूर. पंच्याऐंशी. भिकुबाई."

उखाण्यानंतर ते नाव त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा निघालं, आणि ओ द्यायला ती नव्हती.