अनुत्तरित विभागाचे दप्तरी

जुना धागा उघडायच्या आधी अण्णा संगणकाच्या काचेवर बोटानं दोन टिचक्या मारत, क्षणभर थांबत आणि मगच माऊस हलवत. भोकरदनच्या बसस्टँडमागे रफिकभाईंचं सायबर कॅफे होतं. पत्र्याची खोली, सहा मशीन. चार नंबरवर अण्णा बसायचे, पाचवर मी. पहिल्याच दिवशी त्या टिचक्या ऐकून मला हसू आलं, आणि मास्तरीण असल्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही.

"अण्णा, आत कोणी राहतं का?"

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधी छत्तीस वर्षं काढली, बाई. जुनं दप्तर उघडायच्या आधी दार वाजवायचं. साप असतो, इंचू असतो. आत असंल त्याला सरकायला टाइम द्यायचा."

"पण इथे कसला आलाय साप?"

"साप न्हाई. पन आत कोनीच न्हाई, हे तुमी कशावरून म्हनता?"

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता. तरी मी खुर्ची जराशी सरकवून बसले.

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मराठी माणसांचं एक भलंमोठं संकेतस्थळ होतं. टोपणनावानं जायचं, काहीतरी विचारायचं, आणि त्याखाली देशोदेशीच्या लोकांची चर्चा चालायची. अशा एका चर्चेला तिथे धागा म्हणत. धागे इतके साठले होते की कालचा आज सापडत नसे. लोकही असे अजब, की मथळा द्यायचा 'मदत हवी' नाहीतर 'एक प्रश्न', आणि आत काय आहे ते देवाला ठाऊक. अण्णांनी हे सगळं लावून ठेवायचं काम आपण होऊन अंगावर घेतलं होतं. त्यांचं टोपणनाव होतं दप्तरी. पुण्यातल्या चालकांनी त्यांना धागे हलवायचे, जोडायचे, मथळे सुधारायचे अधिकार दिले होते. रेकॉर्ड रूममध्ये एका प्रकरणाचे कागद एका कापडात बांधतात, तसे ते एका विषयाचे धागे एकत्र बांधत. हलवलेल्या प्रत्येक धाग्याखाली एका बोटानं टंकून एकच ओळ लिहीत: 'हलवला आहे. शोधणाऱ्याला सापडेल.' शिवाय सगळ्याची नोंद लाल कापडी पुठ्ठ्याच्या एका रजिस्टरात असे.

कोणी नवीन सदस्यानं जुनाच प्रश्न विचारला की बाकीचे त्याच्या अंगावर धावून जात, आधी शोधून बघा म्हणत. अण्णा मात्र चिडत नसत. "शोधा म्हननं सोपं हाय, बाई. सापडंल असं ठेवनं अवघड." आणि ज्याला कोणी उत्तरच दिलं नाही असा धागा ते कधीच बंद करत नसत. तो 'अनुत्तरित' नावाच्या विभागात जाई. तो विभाग त्यांनीच काढलेला आणि त्याचा कारभारही फक्त त्यांच्याकडे. "जवाब कुठंतरी पडून असतोच. बिलकुल असतो. फक्त तो येगळ्या कपाटात असतो."

एकदा परदेशातल्या एका बाईनं विचारलं, धपाटे कडक होतात, काय चुकतं? अण्णांनी दोन वर्षांपूर्वीच्या भलत्याच धाग्यातून मंठ्याच्या एका मावशींनी लिहिलेलं उत्तर काढलं आणि त्या प्रश्नाखाली जोडलं. त्या बाईनं लगेच लिहिलं, 'धन्यवाद मावशी. आणि पिठात काकडी घातली तर?' मावशी वारून वर्ष झालं होतं. हे मला माहीत होतं, अण्णांनाही माहीत होतं. दोन दिवस ते नुसते धागे उपसत राहिले. तिसऱ्या दिवशी मावशींचंच काकडीबद्दलचं उत्तर घेऊन आले. कुठल्याशा बारशाच्या चर्चेत लिहून गेल्या होत्या. ते जोडून अण्णा मागे रेलले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बघा. बोलून राह्यल्या का न्हाई?"

मी घाबरले. पण खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी माझ्या मनात आशाही आली. कारण त्या कॅफेत मी एका मेलेल्या माणसालाच शोधायला येत होते.

अवी माझा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, मीच त्याला वाढवलं. त्यानं डी.एड. मध्येच सोडलं तेव्हा माझा तोल गेला. "या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस," असं म्हणून मी खरोखरच दार लावून घेतलं. त्याच्या चपला दाराच्या आत राहिल्या आणि तो अनवाणी स्टँडवर गेला. पुढे पुण्यात कुठेतरी काम करत होता म्हणे. पाच महिन्यांनी रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानं मला माफ केलं होतं की नाही, एवढंच मला हवं होतं. ते संकेतस्थळ त्यानंच मला दाखवलेलं. टोपणनाव कोणाला सांगायचं नाही हा तिथला नियम आम्ही बहीणभावांनीही पाळला. म्हणजे तो तिथे लिहायचा हे ठाऊक होतं, पण कोणत्या नावानं ते ठाऊक नव्हतं. सहा महिने मी 'अविनाश', 'ताई', 'भोकरदन' असं काहीबाही शोधत होते.

शेवटी अण्णांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. चपलांचं ऐकलं आणि त्यांचा हात माऊसवरून खाली पडला.

"बाई, तिथं तुमचं नाव काय?"

"ओसरी."

ते उठले, रजिस्टर काखेत घेतलं आणि निघून गेले. चार दिवस आलेच नाहीत.

पाचव्या दिवशी आले ते थेट माझ्या शेजारी उभे राहिले. चार नंबरवर त्यांनी दोन टिचक्या मारल्या आणि एक धागा उघडला. 'नोकरी आणि शिक्षण' विभागातून 'अनुत्तरित'मध्ये हलवलेला, मथळा 'मदत हवी', लिहिणारा 'वाटसरू'. मी वाचायला लागले. 'बहिणीशी भांडून निघालो. चूक माझी होती. चपला तिकडेच राहिल्या. त्या आणायच्या निमित्तानं जाऊ का? पण ती दार'

इथे लाइट गेली. पडदे काळे झाले, यूपीएस कुठेतरी चिरकत राहिला. उन्हामुळे शटर अर्धं ओढलेलं होतं. त्या काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता, आणि मागे अण्णांचा. अण्णांनी तशा मेलेल्या पडद्यावर पुन्हा दोनदा टिचकी मारली आणि उरलेलं वाक्य तोंडपाठ म्हटलं. "पन ती दार उघडंल का?"

मग त्यांनी शटरच्या फटीतल्या उजेडात रजिस्टर धरलं. डाव्या रकान्यात माझा धागा: 'एक प्रश्न', लिहिणारी ओसरी. 'धाकट्याला बोलून घालवलं. त्याच्या चपला दारातून उचलवत नाहीत. कसं बोलावू?' मलाही कोणी उत्तर दिलं नव्हतं. उजव्या रकान्यात अवीचा. दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'जोडावे?' खालची तारीख अवीच्या अपघाताच्या अकरा दिवस आधीची होती.

"चपलांवरून वळखलं व्हतं," अण्णा म्हणाले. "पन दोन जित्या मान्सांचे कागद एकमेकाला दाखवायचे तर कोनाचा तरी अर्ज लागतो. सारी नोकरी मी तसंच केलं. म्हनलं, पुतनीचं लगीन उरकून येतो, मंग दोघांलाबी इचारतो. पिंपळगावला गेल्तो आठ-दहा दिवस. आल्यावर वाटसरूला निरोप धाडला, तर जवाबच न्हाई. आता कळलं का न्हाई आला ते. शाईनं लिवायला पायजे व्हतं, बाई."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण रफिकभाई धावत आले. "आता मला तोंड दाखवू नका," हे मात्र मी म्हटलं, ते आठवतं. अण्णांनी रजिस्टर बांधलं, मान हलवली आणि शटरखालून वाकून गेले. मी दुसऱ्यांदा कोणाच्या तरी तोंडावर दार लावून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

नंतर दोन महिने मी कॅफेकडे फिरकले नाही. मग एक दिवस शाळेच्या फाटकाशी रफिकभाई भेटले. "बाई, अन्ना गुजर गये. परसों. झोपेतच." त्यांच्या हातात ते लाल रजिस्टर होतं. घरच्यांनी सांगितलं होतं, हे बाईंना द्या. आधी तेच पान काढलं तर पेन्सिलीचा 'जोडावे?' खोडलेला, आणि वर शाईनं, ठसठशीत, 'जोडले'.

मी तशीच कॅफेत गेले. 'अनुत्तरित'मध्ये दोन्ही धागे एक झाले होते. वर माझा प्रश्न, खाली अवीचा, मध्ये काहीच नाही. मी विचारत होते कसं बोलावू, आणि तो विचारत होता येऊ का. त्याखाली अण्णांची ओळ होती, कॅफेतल्या आमच्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशीची: 'उशीर माझ्याकडून झाला. उत्तर आलं की इथून हलवीन. दप्तरी.' दोन महिने ते वाट बघत राहिले आणि मी रागाच्या भरात संकेतस्थळ उघडलंसुद्धा नाही. मी ढसाढसा रडले, अवीसाठी आणि या म्हाताऱ्यासाठीही. मग काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि लिहिलं, 'ये रे. दार उघडंच आहे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर धागा 'अनुत्तरित'मध्ये नव्हता. मला वाटलं, पुसला कोणीतरी. बऱ्याच वेळानं 'घर-संसार'मध्ये सापडला. माझ्या ओळीखाली एक नवी ओळ होती: 'हलवला आहे. शोधणाऱ्याला सापडेल.'

मी पुण्याच्या चालकांना निरोप पाठवला. त्यांनी सभ्यपणे कळवलं की आमच्यापैकी कोणी हात लावलेला नाही, आणि दप्तरी यांचं खातं त्यांच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, बातमी कळताच, बंद केलं आहे. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनीच मला विचारलं, तुम्ही हे काम बघाल का? मी हो म्हटलं.

आता चार नंबरवर मी बसते. रजिस्टर शाईनंच भरते. दोन धागे जुळतात असं वाटलं की त्याच दिवशी दोघांना कळवते, कोणाच्या अर्जाची वाट बघत नाही. जुना धागा उघडताना दोन टिचक्या मारते आणि क्षणभर थांबते. अण्णा थांबायचे ते आत असेल त्याला सरकायला वेळ मिळावा म्हणून. मी थांबते ते त्यानं सरकू नये म्हणून.