बुरुजावरून दिसणारी चादर

आळीत तिला सगळे किल्लेदारीणबाई म्हणत, आणि गंमत म्हणजे ती किल्ल्यावर एकदाही गेलेली नव्हती.

नाव नवऱ्यामुळे पडलं. त्याची सगळी नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली, पण जीव गावामागच्या टेकडीवरच्या त्या पडक्या किल्ल्यात. पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत हा विचारणार, "बूट चांगले आहेत ना? उद्या सकाळी किल्ला." मग सगळी वरात वर जायची आणि ती घरी राहायची, कारण तिला दोन कामं असायची. एक स्वयंपाक. दुसरं चादर.

चादरीची कल्पनाही किल्लेदाराचीच. मागच्या बुरुजावरून गाव दिसतं, पण एवढ्या छपरांत आपलं कुठलं हे पाहुण्यांना कळणार कसं? तेव्हा बायकोने गच्चीवर लाल चादर लावायची. ती शिवणकाम करायची, पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. एका गिऱ्हाइकाने पडद्यांचं लाल कापड नेलंच नाही, त्याची तिने कडेला गोट लावून दुहेरी चादर शिवली. उन्हाने ती विटली तेव्हा दुसरी शिवली. आता तिसरी चालू होती. वरून फोन यायचा, "दिसली, दिसली! हात हलव!" मग ही गच्चीत उभी राहून त्या बुरुजाकडे बघत दोन्ही हात हलवायची. बुरूज नखाएवढा दिसायचा, त्यावरची माणसं कुठली दिसायला! हात हलवून झाले की खाली पळायचं, कारण गॅसवर काहीतरी ठेवलेलं असायचं.

"मलाही एकदा वर न्या," असं ती सुरुवातीला म्हणायची. तर "तू आलीस तर चादर कोण लावणार?" पुढे मुलगी लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग गुडघे. आणि आता डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं होतं. म्हणाले, त्यानंतर घरातला जिना ठीक आहे, पण असले चढ विसरा.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण राहायला आली. सकाळी चहा पिताना किल्लेदार बूट शोधायला लागला, तेव्हा ही म्हणाली, "आज मीही येते. आपलं घर वरून कसं दिसतं ते बघायचंय मला. आत्ता नाही तर कधीच नाही."

किल्लेदार हसला. "अगं, नुसते दगड आहेत. तुला काय कळणार त्यातलं?"

"पाहुण्यांना तासन्‌तास सांगता तेव्हा दगड नसतात वाटतं?"

"आणि गुडघ्याचं काही झालं म्हणजे?"

"गुडघा माझा आहे. आम्ही दोघी जातो, तुम्ही घरी थांबा. चादर लावा. आणि कुकरही लावा."

किल्लेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मेहुणीकडे बघितलं, मेहुणी चहाच्या कपात बघत राहिली. हे किल्लेदारीणबाईच्या नजरेतून सुटलं नाही, पण रागावलेलं माणूस एका वेळी एकच गोष्ट धरून बसतं. तिने डबा भरला आणि चपला चढवल्या.

चढ तिने दात आवळून काढला. चांगला पाय आधी, दुखरा मागून, हात भिंतीवर. महादरवाजाला दारं नव्हती, नुसती भोकं होती बिजागरीची. दरबाराला छप्पर नव्हतं आणि आत गुडघाभर गवत. तो ज्या दरबाराचं वर्णन करता करता हात पसरायचा, तो दरबार तिच्या बाहेरच्या खोलीहून फार तर दुप्पट होता. "एवढ्यासाठी एवढं!" ती म्हणाली, पण पाय थांबले नाहीत.

वर वाट फुटली तशी बहिणीने तिचा हात डावीकडे ओढला. "ताई, पुढच्या बुरुजावर जाऊ. तिथून नदी काय छान दिसते!"

"नदीत मला काय बघायचंय? माझं घर मागे आहे."

"तिकडे ऊन फार गं."

"मी काय लोण्याची आहे?" म्हणत ती उजवीकडे वळली.

उजवीकडे लोखंडी दार होतं. कुलूप गंजून गोळा झालं होतं. दाराच्या गजांतून एक रानटी झाड वाढलं होतं, मनगटाएवढ्या खोडाने एक गज अर्धा गिळून टाकला होता. दारापलीकडे तटच नव्हता, नुसती खोल घळ. आणि घळीच्या पलीकडे, डोक्यावर गवत घेऊन, एकटा उभा असलेला तो बुरूज. तिचा बुरूज, आणि गाव त्याच्या आड.

खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी म्हणाला, "बंद आहे बाई ते."

"कधीपासून?"

"मी कामाला लागलो त्याच वर्षी तट कोसळला. अकरा वर्षं झाली की."

"म्हणजे तिथून कुणीच बघत नाही?"

"कावळे बघतात."

ती बहिणीकडे वळली. "मागच्या खेपेला तू फोन केलास. 'ताई, चादर काय सुरेख दिसतेय' म्हणालीस. कुठून केलास?"

"पुढच्या बुरुजावरून."

"काय दिसत होतं?"

"नदी." बहिणीने पदर बोटाला गुंडाळला. "भावजींनीच सांगितलं होतं गं. म्हणाले, बिचारी हौसेने लावते, तेवढंच सुख आहे तिला. म्हणा दिसली. सगळेच म्हणतात."

तेवढंच सुख. तळपायाची आग मस्तकात गेली. सगळेच म्हणजे दीर, मुलीचे सासू-सासरे, त्याचे साहेब आणि साहेबांची ती बायको, जी जेवताना म्हणाली होती, "रंग काय खुलतो हो लांबून!" पानावर बसून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. एकदा तिने अंगात ताप असताना चादर लावली होती. आणि हात हलवले होते. कावळ्यांना.

"माझ्या मुलीला ठाऊक आहे?"

बहिणीने पदराचा आणखी एक वेढा बोटाला दिला.

तेवढ्यात फोन वाजला. "पोचलात का?" किल्लेदाराचा आवाज जरा जास्तच गोड होता. "पुढच्या बुरुजावर आहात ना?"

"मागच्या."

इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "दिसली का?"

"दिसली की. डावा कोपरा लोंबतोय. नीट ओढा."

"अगं, पण तिकडे जाता येतं?"

"न यायला काय झालं? इतके पाहुणे येऊन गेले. आता असं करा, वाऱ्याने दुमडतेय ती. दोरीवरून काढा आणि हातात धरून उभे राहा."

"ऊन आहे गं इथे."

"मला माहीत आहे तिथे ऊन असतं."

फोन ठेवून ती त्या दाराला पाठ लावून बसली आणि डबा उघडला. पाव, काकडी, उकडलेली अंडी. बहीण पुटपुटली, "ताई, पुरे आता."

"खा मुकाट्याने. आज गरम जेवायला कुणाला घाई नाही."

पुन्हा फोन. "कुकरच्या शिट्ट्या होतायत. खाली जाऊ?"

"होऊ द्या. मी गॅस सोडून गच्चीत उभी राहतच होते."

थोड्या वेळाने तिसऱ्यांदा वाजला. या वेळी आवाजातला गोडवा गेला होता, धाप लागली होती. "अगं, ऐक. तिथून दिसत नाही. ते दार बंद आहे, कितीतरी वर्षं. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

हे तिला ऐकायचं होतं. ऐकलं, आणि राग इंचभरही उतरला नाही. उलट चढला. वाईट वाटेल म्हणून! आणि आता ती तो गुडघा घेऊन परत कधी वर येणार होती?

"काय सांगता!" ती म्हणाली. "मला तर तुम्हीसुद्धा दिसताय. खाली लाल चादर, वर लाल तोंड."

"अगं, खरंच सांगतोय."

"साहेबांना दिसली, त्यांच्या बायकोला रंगसुद्धा दिसला, माझ्या सख्ख्या बहिणीला दिसली. आणि मलाच दिसू नये? एवढंच तर सुख आहे मला. फोन कठड्यावर ठेवा. दोन्ही हातांनी धरा. उंच करा अजून. हलवा."

तिने स्वतःचा फोन बंद केला नाही, शेजारच्या दगडावर ठेवला आणि एक अंडं सोलायला घेतलं. फोनमधून कापड फडफडल्याचा आवाज येत होता.