ठेव तितं खाली

आमच्या सूनबाईनं मला सुरी आणून दिली आणि पुढं सहा महिने आमच्या दोघींत काय बिनसलंय तेच मला कळेना.

लग्नानंतर पहिल्यांदाच ती पोराबरोबर पुण्याहून भवानीनगरला राहायला आली होती. चांगले चार दिवस. येताना स्वतः भाजलेला पाव घेऊन आली. पाव म्हणजे मिसळीबरोबरचा मऊ न्हाय, वरनं खरपूस, टणक, वीतभर लांब. त्याच्यासाठीच ही सुरी. लांब पातं, लाकडी मूठ आणि विळ्याला असतात तसे बारीक दाते. मी म्हटलं, "अगं, पाव कापायचाय का गुरांचं कडवळ?" ती खळखळून हसली. इथवर सगळं छान होतं.

मग तिनं सुरी माझ्यापुढं धरली. "आई, ही तुमच्यासाठी."

आता माझं माहेर कोऱ्हाळ्याचं. सुरी, विळा, खुरपं, असलं धारेचं काही आमच्यात हातात देत न्हाईत. खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. न्हायतर त्या दोघांचं भांडण होतं. माझ्या जावेनं एकदा खुरपं हातात दिलं आणि त्याच वर्षी आमचं बोलणं बंद झालं. खुरप्यामुळं का शेताच्या बांधामुळं, देव जाणे! पण नव्या सुनेच्या बाबतीत मला विषाची परीक्षा नको होती. मी झटकन मागं सरले आणि म्हणाले, "ठेव तितं खाली!" माझा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा. तिनं सुरी ओट्यावर ठेवली आणि बाहेर गेली.

त्यानंतर नुसतं "हो आई", "नको आई". पुण्याला गेल्यावर फोनवरही "बऱ्या आहात ना?" एवढं विचारायची की फोन लगेच पोराच्या हातात. माझं डोकं चालेना. कालवण तिखट झालं होतं? दिलेली साडी आवडली न्हाय? ह्यांना विचारलं, तर पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "तूच काहीतरी बोलली असशील." वा रे वा! इतं मला त्या पोरीची माया लागलेली, ती लांब लांब चाललेली, आणि ह्यांना पेपर सुचतोय. एकदा तर भाकरी थापता थापता रडूच आलं.

परवा ती आली, पुन्हा पाव घेऊन. मी कपाटातनं सुरी काढली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. ती बघतच राहिली.

"जपून ठेवलीत? मला वाटलं, आवडली नाही. मी देत होते तर हातसुद्धा लावला नाहीत."

मी कपाळाला हात लावला. "अगं बये! आपलं भांडण होऊ नये म्हणून!" आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे भांडण होऊ नये म्हणून आपण सहा महिने बोललोच नाही?"

मी सुरी ओट्यावर ठेवली आणि पाव तिच्यापुढं सरकवला.

तिनं पाव कापला आणि सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. द्यावी का ठेवावी, तिला समजेना.

"दे हातात," मी म्हणाले.

हे दारातनं ओरडले, "अगं, खाली ठेवू दे की!"

"तुमी गप बसा!"

तिनं सुरी पुढं केली. मूठ माझ्याकडं आणि दाते तिच्या बोटांकडं. मागल्या वेळीही तिनं अशीच धरली होती की. मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

मी हात पुढं केला आणि घेतली.