उजव्या बाजूला दांडी

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. बी.कॉम., तेही फर्स्ट क्लास. मी हे कुठेही सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. पुढे बँकेत लागले, अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे घरात मोठी वस्तू घ्यायची म्हटलं की ती पारखायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. बोटही तशीच माझ्याकडे आली.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या माणसांना बोट कशाला, असं कुणालाही वाटेल. ती हवी होती माझ्या दादासाठी. दादाचा मार्केट यार्डात टेम्पो होता. मी कॉलेजात असताना आमचं घर त्या टेम्पोवर चालायचं. माझ्या पदवीत अर्धा वाटा त्याचा आहे असं म्हटलं की तो म्हणतो, "मग अर्धं सर्टिफिकेट फाडून दे." त्याला एकच नाद, गळ टाकून बसायचा. लहानपणी आमच्या नदीवरच बसायचा. नदीवर जलपर्णी पसरली तसा तो मोटारसायकलवरून भिगवणच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर जायला लागला. यार्डाला सुट्टी असली की पहाटे निघायचा आणि संध्याकाळी चिलापी घेऊन यायचा. एखाद्या वेळी मरळ. काहीच नाही मिळालं तर म्हणायचा, "आज त्यांची सुट्टी व्हती."

मग त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. औषधपाणी झालं, व्यायाम झाला, तो चालायला लागला. पण डावा पाय ओढत राहिला आणि डाव्या मुठीत जोर राहिला नाही. जरा बरं वाटल्यावर तो एकदा फुगवट्यावर गेला. काठावरच्या चिखलात पाय सटकला. लागलं काहीच नाही. पण तिथल्या दोन अनोळखी माणसांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि एखादं पोतं ठेवावं तसं कोरड्या जागी नेऊन ठेवलं. घरी आल्यावर त्याने गळाच्या काठ्या जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि म्हणाला, "बास झालं आता."

पडण्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. उचललं याचं वाटलं होतं. तेव्हा प्रश्न साधा होता. दादाला पुन्हा पाण्यावर न्यायचं, पण कुणी त्याला हात न लावता.

बोटीची कल्पना माझ्या भाचीची, म्हणजे दादाच्या मुलीची. ती आयटीत आहे. ऑफिसची सहल कुठल्याशा धरणावर गेली होती, तिथे बोटीमागे हवेची ट्यूब बांधून हिला ओढलं होतं. "आत्या, फुल धमाल असते. आपण सेकंडहँड बोट बघू. आम्ही ट्यूबवर, पप्पा बोटीत बसून गळ टाकतील. काठावर उभं राहायचा प्रश्नच नाही." मला पटलं. दादाला मात्र एवढंच सांगितलं की पोरांना पाण्यातले खेळ खेळायचेत, बोट बघायला चल. तो आला. गाडी भाची चालवत होती, तो पुढे बसला आणि रस्ताभर बाकीच्या ड्रायव्हरांना नावं ठेवत राहिला.

आता वहिनीबद्दल. ती पुण्यात मंडईमागच्या गल्लीत वाढलेली. चांगली उंच, डावखुरी, आणि जिभेला धार. आमच्याकडे आली तेव्हा आईने तिचा वाढायचा हात उजवा करून घेतला, बाकी सगळं ती डाव्यानेच करते. आमची भाषा हाय-न्हाईची, तिची अहो-जाहोची. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी नणंदा-भावजयींनी एकमेकींची भाषा घेतली नाही आणि एकमेकींना सोडलंही नाही. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. दादाविषयी बोलायचं तर म्हणते "आमच्याकडे". आमच्याकडे वांगं चालत नाही. आमच्याकडे चहा कडक लागतो. आमच्याकडे आज मूड नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, सगळ्या घराचंच वांग्याशी वाकडं आहे.

पहिली बोट एरंडवण्यातल्या एका बंगल्यात होती. फाटकावर पाटी, 'बोट विकणे आहे. नुसती बघायची असल्यास रस्त्यावरून दिसते.' मालक निवृत्त गृहस्थ, इस्त्रीच्या लेंग्यात. त्यांनी आम्हाला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपल्यापैकी पोहायला कोणाला येतं?"

"यांना येतं," मी दादाकडे हात केला. "बाकी कुणाला न्हाई."

"मग आपण बोटीचं काय करणार?"

वहिनी म्हणाली, "आपण विमानात बसता, तेव्हा उडता येतं का आपल्याला?"

गृहस्थांनी ते ऐकून घेतलं आणि मला वाटतं, तेव्हापासूनच त्यांना आम्ही आवडायला लागलो. त्यांनी चहा सांगितला.

बोट ट्रेलरवर उभी होती. पांढरी, लाल पट्ट्याची, पुढे टोकदार, आत गाद्यांच्या खुर्च्या. भाची वर चढून फोटो काढायला लागली. मी माझं काम सुरू केलं. बोट घ्यायची ठरल्यापासून मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं, चार मालकांशी फोनवर बोलले होते. जुन्या बोटीत आधी मागची फळी बघायची, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. ती आतून कुजली असेल तर बाकी बोट कितीही चकचकीत असो, घरी जायचं. मी ती फळी ठोकून पाहिली, इंजिन धरून हलवून पाहिलं. मग गृहस्थांना इंजिन सुरू करायला सांगितलं, त्याआधी त्याला हात लावून बघितलं. ते गार होतं. विकणारे आधीच तापवून ठेवतात, मग ते पटकन सुरू होतं. हे इंजिन गार असूनही पहिल्या झटक्यात लागलं.

"आपण इंजिनियर का?" गृहस्थांनी विचारलं.

"बी.कॉम.," मी म्हटलं.

माझ्याकडून बोट पास होती. आणि मग मी दादाकडे बघितलं. तो शिडीपाशी उभा होता. शिडी स्टीलची, अरुंद, सरळ वर जाणारी. उजवा हात त्याने पायरीवर ठेवला होता आणि वर बघत होता.

"चढा की," गृहस्थ म्हणाले.

वहिनी लगेच पुढे झाली. "मला नाही जमायची ही शिडी. मला उंचावर गरगरतं."

"आई, तू गच्चीवरच्या टाकीवर चढून टाकी धुतेस," भाची वरून म्हणाली.

"टाकी हलत नाही."

"बोटही हलत नाहीये. ट्रेलरवर आहे."

"माझ्या डोक्यात हलते."

दादाने पायरीवरचा हात काढला. "राहू दे. तुझ्या आईला न्हाई जमायचं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल पडलेला मला दिसला.

परतताना भाची धुसफुसत होती. मी मागे वहिनीशेजारी बसून विचार करत होते. जिने जन्मभर स्वतःचं असं काही मागितलं नाही, जिची डोकेदुखीसुद्धा आम्हाला दुसऱ्या दिवशी कळते, ती आज एका दमात दोनदा "मला" म्हणाली होती. मला जमत नाही. मला गरगरतं. "आमच्याकडे शिडी जमायची नाही" हे तिचं नेहमीचं वाक्य झालं असतं, आणि ते ऐकताच सगळे दादाच्या पायाकडे बघायला लागले असते. म्हणून तिने तो शब्दच बदलला होता. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, तुम्ही पदवीधर आहात. कळलं असेल तर गप्प बसा."

मी भाचीला विचारलं, पुढची बोट कुठे आहे.

दुसरी बोट मुंढव्याला एका शेडमध्ये होती. तिला शिडी लागत नव्हती, पण मी आत उभी राहून टाच दाबली तर तळ गादीसारखा दबला. फायबरखालचं लाकूड पाणी पिऊन बसलं होतं. मी चप्पल घातली आणि बाहेर आले. वहिनी म्हणाली, "हे शिकवतात का बी.कॉम.ला?" मी म्हटलं, "हे न्हाई शिकवत. शिकायचं कसं, ते शिकवतात." तिने मान हलवली. तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

त्यानंतर बघितलेल्या एकीचा काठ वहिनीला उंच वाटला. एकीत बसायची जागा फार खोल होती, "मला एकदा बसले की उठता येणार नाही." भाचीचा संयम संपला. दादासमोरच ती म्हणाली, "आई, तुझ्या नाटकांमुळे आपली बोट कधीच येणार नाही. पप्पा तयार आहेत, आम्ही तयार आहोत, तुझंच मधे काहीतरी."

"हो, माझंच," वहिनी म्हणाली आणि डबा उघडून सगळ्यांना पोळीभाजी वाढायला लागली. भाचीला जास्त वाढली. मी बँकेत मोठमोठी माणसं पाहिली आहेत, खुर्चीसाठी दुसऱ्याचं श्रेय घेणारी. दुसऱ्याची लाज स्वतःच्या अंगावर घेऊन वर पोळी वाढणारं माणूस मी हे एकच बघितलं.

शेवटची बोट भवानी पेठेत मिळाली. मालकांचं कुटुंब कित्येक पिढ्या तिथलंच, फायबरच्या पत्र्यांचा व्यापार. बोट त्यांनी घरच्यांसाठी ठेवली होती. सगळं खानदान बिर्याणीचं पातेलं घेऊन फुगवट्यावर जायचं. आता मुलं परदेशी गेली, आणि बोटीने गोदामाची अर्धी जागा अडवली म्हणून त्यांच्या बेगमचा रोजचा तगादा होता. निळा रंग उडालेला. आत फळ्यांची बाकं. पसरट, तळ सपाट, काठ कसाबसा गुडघ्यापर्यंत.

"ट्यूब ओढेल का?" भाचीने नाक मुरडत विचारलं.

"दोन जणं बसली तर ओढते," मालक म्हणाले. "चार बसली तर विचार करते."

मी मागची फळी ठोकली, टाचेने सगळा तळ तपासला, गार इंजिन सुरू करून घेतलं. ते दुसऱ्या झटक्याला लागलं. "खोटं कशाला बोलू मॅडम, पहिल्याला कधीच लागत नाही," ते म्हणाले. मला बोट आणि माणूस दोन्ही आवडले.

वहिनी काठापाशी आली, एक पाय आत टाकून उभी राहिली, बसली, उठली, बाहेर आली. मग म्हणाली, "चालेल. पण चढताना मला धरायला काहीतरी हवं. इथे एक दांडी बसवून द्या. चढताना उजव्या हाताला येईल अशी." तिथेच पडलेला खडू उचलून तिने काठावर खूण केली.

मालक ती खूण बघत राहिले. त्यांच्या मनात काही नव्हतं, साधा सरळ व्यवहाराचा प्रश्न होता. "वहिनी, खडू तुमच्या डाव्या हातात. मघाशी चहाचा कपही डाव्यात होता. मग दांडी उजवीकडे कशाला? डावीकडे लावतो ना."

वहिनीचा खडूचा हात तसाच राहिला. भाचीने आईकडे पाहिलं, मग वडिलांच्या डाव्या हाताकडे. मला वाटलं, आता दादा म्हणणार, चला घरी.

दादा पाय ओढत काठापाशी आला. खुणेवर उजवा पंजा ठेवून पाहिला.

"मालक, उजवीकडंच लावा," तो म्हणाला. "पर हितं नको, जरा खाली. ही उंच हाय, हिच्या मापानं खूण केलीय. धरायची मला हाय."

"तेच म्हणत होते मी," वहिनी म्हणाली.

"व्हय. लई दिवस म्हणतीयास."

मालकांना एका क्षणात सगळं समजलं असावं. त्यांनी फक्त दादाला पुन्हा हात ठेवायला सांगितला, आणि नवी खूण स्वतः केली. भाची बाहेर जाऊन बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने आईच्या हातातला खडू काढून घेतला आणि तिचे पांढरे झालेले हात स्वतःच्या ओढणीला पुसले. "नवी ओढणी आहे ती," वहिनी म्हणाली. एवढीच माफी मागितली गेली आणि एवढीच दिली गेली.

कागदपत्रं आणि परवान्याचं मी बघितलं. दांडी बसली. आम्ही बोट फुगवट्यावर नेली, तेव्हा मालकही हौसेने आले. बोट पाण्यात सोडून धक्क्याला लावली. वहिनीने नेमकं तेव्हाच भाचीशी डब्यांवरून भांडण काढलं, लोणच्याची बरणी कुणी विसरली म्हणून. चांगल्या मोठ्या आवाजात. मालक दोरी बघत होते, मी लाइफ जॅकेटचे बंद. दादाकडे कुणीही बघत नव्हतं.

दादाने उजव्या हाताने दांडी धरली, उजवा पाय आत टाकला, मग सावकाश डावा ओढून घेतला. बोट थोडी कलली, सावरली. तो बाकावर बसला. कुणी हात लावला नाही.

बसल्या बसल्या त्याने काठावरून पाण्यात हात बुडवून पाहिला. मग वर बघून म्हणाला, "बरणी सापडली आसंल तर या आता."

भाची बोटीत उतरली, मी उतरले. वहिनी धक्क्यावरच उभी.

"मी कशाला? मला पाण्याची भीती वाटते."

"खरी का बनावट?" दादाने विचारलं.

वहिनीने पाण्याकडे पाहिलं. पदर खोचला, पुन्हा सोडला. "ही खरी आहे हो," ती म्हणाली. आणि खरोखरच ती घाबरली होती.

दादा बाकावर जरा सरकला, आपल्या शेजारी जागा केली आणि उजवा हात तिच्याकडे केला. "मग धर," तो म्हणाला.