घासाघीस न करता घेतलेली गाडी

एकोणिसाव्या वर्षी मी खाजगी मोटारींच्या विरोधात एक पत्रक लिहिलं होतं. गुलाबी कागद, एका बाजूनं छपाई. रस्त्याचा केवढा भाग किती थोडी माणसं अडवून बसतात आणि थांब्यावर किती बाया डबे घेऊन ताटकळतात, हा विषय. शेवटची ओळ अण्णांनी खोडून स्वतः लिहिली होती, कारण माझी ओळ त्यांना "जरा मवाळ" वाटली. आणि गेल्या वर्षी त्याच पत्रकाची लेखिका सोलापुरात जुन्या गाड्यांच्या बोनेटवर हात ठेवत हिंडत होती.

ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आजही त्यातल्या प्रत्येक शब्दामागे मी उभी आहे. फक्त उभी राहण्याआधी मला मैंदर्गीला पोचायचं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची उमेदीची वर्षं यंत्रमागावर गेली आणि सुटीचे दिवस कामगारांसाठी पत्रकं लिहिण्यात गेले. आमच्या फडताळात अंथरायला पत्रकं, वह्यांना कव्हरं पत्रकांची. मी वाचायला शिकले तेव्हा पहिलं सलग वाचलेलं वाक्य "कामगार बंधू-भगिनींनो" हे होतं. अशा घरात वाढलेली मुलगी मराठी शिकवायला लागली, तीही तासिका तत्त्वावर. जितके तास घ्याल तितक्या तासांचे पैसे, सुटी लागली की पैसे बंद. तत्त्व हा शब्द इतका स्वस्त मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

सकाळी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माझे तास असायचे. अकराला सुटायचे. मग अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या सीमेजवळ असलेल्या मैंदर्गीच्या एका महाविद्यालयातून विचारणा आली. दुपारी बारा चाळीसचा पहिला तास, आठवड्याचे सहा दिवस. मी एक आठवडा जाऊन बघितलं. अक्कलकोटला बस बदलून पोचेपर्यंत दीड वाजायचा आणि पहिला तास संपलेला असायचा. पण वर्ग असा होता की सोडवेना. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कानडी. मराठी त्यांना पाहुणीसारखी, थोडी लांब बसवून बोलावी अशी. आणि तरी ती मुलं एकेक शब्द असा तपासून घ्यायची की मला माझीच भाषा नवी वाटू लागली. तिसऱ्या दिवशी निघताना एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "टीचर, नाळे बर्तीरा?" उद्या येणार का, असं ती विचारत होती. मी मान हलवली खरी, पण प्राचार्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, वेळेवर येणं जमणार असेल तर पुढच्या शनिवारपर्यंत कळवा. नाहीतर दुसरं कुणी बघतो."

म्हणजे दहा दिवस. सकाळचे तास सोडले तर घर चालत नव्हतं, मैंदर्गी सोडवत नव्हती. जाऊन-येऊन शंभराहून जास्त किलोमीटर. मी आणि आईनं मिळून साठवलेले दोन लाख होते. त्यात गाडी बसायला हवी होती आणि ती पेट्रोल इतकं कमी पिणारी हवी होती की माझ्या तासांचे पैसे टाकीत न जाता घरी यावेत. रस्त्यात बंद पडणारी तर अजिबात नको. उशिरा येणारी बाई आणि न येणारी बाई यांत प्राचार्य फरक करणार नव्हते.

मी रीतसर मागणीपत्रक तयार केलं. अकरा कलमं. पहिलं कलम: लिटरला वीसच्या खाली ॲव्हरेज असेल तर बोलणी नाहीत. आईनं ते वाचून विचारलं, "ही गाडी घ्यायची आहे की गिरणीचं फाटक बंद करायचंय?"

खरं शिक्षण दिलं ते गॅरेजवाल्या चाचांनी. ते अण्णांचे जुने दोस्त. त्यांनी माझी अकरा कलमं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बेटा, गाडी देखने की चीज नै. सुनने की चीज है. आणि जायच्या आधी मालकाला फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही."

अण्णांना घेऊन बघायला गेले ती पहिली गाडी शहरातल्याच एका विक्रेत्याकडची. गाडीला हार घातलेला, सीटवर नवं प्लास्टिक. तो म्हणाला, "मॅडम, सिंगल हँड. डॉक्टरची गाडी आहे."

"ती शेजारची?"

"तीपण डॉक्टरचीच."

"आणि ती लाल?"

"लेडी डॉक्टर."

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "एवढे डॉक्टर असून गावात आजारी माणसं राहिलीच कशी?" मी बोनेटवर हात ठेवला. तव्यासारखं तापलेलं. आम्ही येण्याआधी गाडी चालवून ठेवली होती. आम्ही निघालो.

दुसरी गाडी एका हसऱ्या कापड दुकानदाराची. तिच्याखाली आम्ही आमची उरलेली गुलाबी पत्रकं कोरी बाजू वर करून अंथरली आणि इंजिन चालू ठेवून चहा प्यायला गेलो. ही युक्तीही चाचांचीच, कागद मात्र माझा. परत आलो तर त्यावर तेलाचे सात काळे टिपके. खाजगी मोटारींविरुद्धच्या त्या पत्रकाचा इतका नेमका उपयोग छापल्यापासून प्रथमच झाला.

मग अकलूजच्या गाडीचा पत्ता लागला. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. मालक डेअरीत नोकरीला. गावाकडून आलेल्या दुधाचं फॅट मोजणं, त्यात पाणी आहे का ते बघणं, हे त्यांचं काम. मुलानं मोठी गाडी घेतली म्हणून ही विकायची होती. तो गुरुवार होता. माझ्या हातात दोन दिवस उरले होते.

निघताना आईनं मला बाजूला घेतलं. "भाव ठरायची वेळ आली की अण्णांना पाणी आणायला पाठव."

तिचं म्हणणं मला कळत होतं. आमच्या घरी एक नियम आहे. अण्णांनी कारखान्याच्या मालकांशी वाटाघाटीच्या टेबलाशी बसून नऊ-नऊ तास घासाघीस केलेली आहे, एकेका पैशासाठी. पण भाजीवाली, चांभार, रिक्षावाला, हमाल, कुणीही स्वतःच्या कष्टावर जगणारा माणूस असला की त्यानं सांगितला तो भाव. त्यावर एक शब्द नाही. "आपण मजुरी वाढवून मागायची आणि दुसऱ्याची पाडायची?" असं ते विचारतात. मीही याच नियमात वाढले. मंडईत कोथिंबिरीची जुडी कमी करून मागताना माझी जीभ अडखळते.

अकलूजला गाडी अंगणात उभी होती. बोनेट गार. पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं. कागदपत्रं नीट, सर्व्हिसच्या पावत्या सालवार एका दोऱ्यात ओवलेल्या. मी चालवून बघितली. ब्रेक चांगले, स्टिअरिंग सरळ. क्लच मात्र खूप वर आल्यावर पकडत होता. ते मला खटकलं. उतरल्यावर विचारायचं मी ठरवलं होतं.

मी उतरायच्या आत मालक अण्णांना म्हणाले होते, "दोन पंचवीस होतील, पाव्हणं."

आणि अण्णा म्हणाले होते, "बरं. ठरलं."

मालकांचा चेहरा मी विसरणार नाही. जोर लावून दार ढकलायला जावं आणि ते आधीच उघडं असावं, तसा माणूस पुढच्या पुढे गेला. "ठरलं म्हंजी?"

"तुम्ही सांगितलेत ना. ठरलं."

"आवं, पर तुमी कायतरी म्हना की!"

"काय म्हणू? तुमची गाडी, तुमचा भाव."

मालकांनी अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "आलोच" म्हणून आत गेले. मी अण्णांना कोपऱ्यात ओढलं. "अण्णा, आपल्याकडं दोनच आहेत."

"ते खरं," ते म्हणाले.

आतून आवाज येत होते. "अगं, त्यांनी भावच केला न्हाय."

"म्हंजी?"

"सांगितलं तेवढ्याला व्हय म्हनाले."

"मग देऊ नका," मालकीणबाई म्हणाल्या. "कायतरी हाय त्यात. चोरीबिरीला वापरायची आसंल."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. दोन दिवसांवर शनिवार, समोर गार बोनेटची गाडी, आणि आमच्या घरच्या सर्वांत सुंदर नियमामुळे आम्ही चोर ठरत होतो. त्यातून दोन पंचवीस आमच्याकडे नव्हतेच. पैसे नसताना "ठरलं" म्हणणं हाही त्या माणसाचा अपमान होता, हे मला तिथं उभ्या उभ्या उमगलं. कमी करून मागायचं नसेल तर निदान खरं सांगायला हवं होतं.

मालकीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या. चहाआधी प्रश्न आला. "ताई, गाडी कशाला पायजे तुमाला?"

मी सगळं सांगितलं. सकाळचे तास, बारा चाळीस, शनिवार, दोन लाख. "आमच्याकडं एवढेच आहेत. अण्णा कष्टाच्या माणसाशी भाव करत नाहीत, म्हणून ते हो म्हणाले. चूक आमची आहे. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही उठतो."

"मैंदर्गी? तितं कानडी बोलत्यात न्हवं?"

"हो. म्हणून तर जायचंय."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि नवऱ्याकडे वळल्या. मालक जमिनीकडे बघत होते. "आता खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "लोकं पंचवीस तरी पाडत्यात, म्हनून मी पंचवीस चढवून सांगितले हुते. दोनलाच द्यायची हुती."

"घ्या!" बाई म्हणाल्या. "आख्ख्या गावाच्या दुधातलं पानी काढता, आन सोताच्या भावात घातलंत की!"

अण्णा मोठ्यानं हसले. मालकही हसले, आणि हसता हसता त्यांच्या तोंडून दुसरंही निघालं. "आन क्लच प्लेट गेल्यात जमा हाय. सा म्हैनं बी चालायची न्हाय. ह्ये बी सांगतो. तुमी भांडला आसता तर सांगितलं नसतं."

ते वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

मी चाचांना फोन लावला. "क्लच तो डालना पडेगा, उसमें क्या," ते म्हणाले. "इंजिन सुनाओ." मी इंजिन चालू केलं आणि बोनेट उघडून फोन आत धरला. अंगणात आम्ही चौघं बोनेटभोवती उभे. थोड्या वेळानं आतून चाचा ओरडले, "ले लो!"

त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. मालक म्हणाले, "क्लचचे धरून एक ऐंशी द्या."

अण्णा म्हणाले, "नाही. क्लच एवढा महाग नसतो. एक नव्वद."

"आवं, मजुरी आसती की वर."

"मजुरी धरूनच बोलतोय मी. एक नव्वदच्या खाली मी देणार नाही."

"आन मी ऐंशीच्या वर घेनार न्हाय!"

दोन म्हातारे एकमेकांवर आवाज चढवून उलट्या दिशेनं ओढत होते. अण्णांच्या मानेची शीर वाटाघाटीच्या टेबलाशी फुगायची तशी फुगलेली. शेवटी बाईंनी रिकामे कप ताटात आपटले. "एक पंच्याऐंशी. आता दोगंबी गप बसा."

दोघंही गप बसले. गाडी माझ्या नावावर करायच्या अर्जावर सह्या झाल्या, विम्याचे कागद हातात आले, आणि निघताना त्यांनी मागच्या सीटवर एक दुधाचा कॅन ठेवला. अण्णांनी त्याचे पैसे विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता परत सुरू करू नका."

तरी पहिलं कलम उरलंच होतं. मालकांनी ॲव्हरेज बावीसचं सांगितलं होतं, पण विकणाऱ्याचं ॲव्हरेज आणि रस्त्याचं ॲव्हरेज ही दोन वेगळी ॲव्हरेजं असतात. शुक्रवारी चाचांनी क्लच बदलला. शनिवारी सकाळचे तास संपवून मी अण्णांना घेतलं, पंपावर टाकी काठोकाठ भरली, आकडा लिहून घेतला आणि अक्कलकोटच्या रस्त्याला लागले. साठच्या पुढे जायचं नाही, हे चाचांचं सांगणं. अण्णा पुढच्या सीटवर पट्टा लावून ताठ बसले होते, कुणाच्या तरी मालकीच्या जागेत बसल्यासारखे. अक्कलकोट मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "खिडकी खाली कशी करतात?"

मैंदर्गीत महाविद्यालयाच्या फाटकाशी बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी आत गेले नाही. लगेच वळवली आणि परत त्याच पंपावर आले.

पंपावरच्या पोरीला मी म्हटलं, "पुन्हा काठोकाठ." नळी एकदा बंद पडल्यावर अण्णा खाली उतरून म्हणाले, "अजून बसेल."

"काका, सांडंल."

"सांडू देऊ नको, पण कमीही नको. हिची नोकरी आहे त्यात."

तिनं आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मग थेंब थेंब सोडत टाकी भरली. मी भागाकार केला. मग अण्णांनी केला, कागदावर, हातानं, कारण फोनवरच्या भागाकारावर त्यांचा विश्वास नाही. दोन्हीकडे वीसच्या थोडं वर आलं.

मी तिथंच, हवा भरायच्या यंत्राशेजारी गाडी लावून प्राचार्यांना फोन केला. "सर, सोमवारपासून येते."

"बारा चाळीसला हं, मॅडम. बस चुकली वगैरे चालणार नाही."

"बस नाही चुकणार, सर."

फोन ठेवला तर अण्णा कागद उलटा करून त्यावर काहीतरी लिहीत होते. मी विचारलं, काय.

"अक्कलकोटहून मैंदर्गीला दुपारी बारा वाजता बस हवी," ते म्हणाले. "आपण सुटलो. त्या पोरांचे बाकीचे मास्तर कसे येतात? सोमवारी जाशील तेव्हा विचारून ये. सह्या घ्याव्या लागतील."