रिठदच्या धुऱ्यावरची सात झाडं

पुण्यात बसून उपग्रहाच्या फोटोंवर झाडं मोजायची, हे माझं काम. जंगल ओळखू येतं. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झाडं मात्र स्क्रीनवर नुसते ठिपके. वाशीम जिल्ह्यातल्या ठिपक्यांवरून ऑफिसात तिसऱ्यांदा वाद झाला, तेव्हा म्हटलं, आता जाऊनच बघते.

जायचं तर जानेवारीत जा, ऊन सोसतं. वाशीमहून रिसोडकडे जाणारी एसटी धरली की रिठद लागतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टर ऐकवतात. मी ऐकून घेतलं. मुक्काम वाशीमलाच करा.

माझा ठिपका वामनरावांच्या शेतात निघाला. सोयाबीनच्या दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून आजूबाजूचे सगळे धुरे जेसीबीने साफ झालेले. इथे मात्र सात झाडं उभी होती. दोन कडुनिंब, बाकी बाभळी.

"ही कशी वाचली?" मी विचारलं.

वामनरावांच्या पत्नी, सुमनकाकू, हसल्या. "पलीकडचं वावर माया दिराचं. झाडं दोघांची. तोडाले दोघांची हो पायजे. अन् हे भाऊ आठ वर्सांपासून बोलूनच नाही राह्यले."

भांडणाने राखलेली झाडं मी पहिल्यांदाच पाहत होते.

खोडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजतात. बाभळीला काटे फार, त्यामुळे टेप धरायला पलीकडून कुणीतरी हवं. तिकडे धाकटे भाऊ, प्रल्हादराव, हरभऱ्याला पाणी देत होते. मी त्यांना हाक मारली. वामनरावांनी टेपचं टोक सरकवलं, प्रल्हादरावांनी धरलं. दोघांच्याही नजरा दुसरीकडे.

तिसऱ्या बाभळीला टेप अडकली. "वर घे ना थोडी," वामनराव पुटपुटले.

"घेतली, दादा. काटा रुतला हाताले."

"पाहू दे."

वामनराव धुरा ओलांडून गेले आणि भावाच्या तळहातातला काटा काढत बसले. काकू जास्तीच्या भाकरी थापायला घराकडे धावल्या. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. दुपारी सगळ्यांनी मिळून भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा खाल्ला. ठेचा बेतानेच घ्या.

पुण्याला येऊन आकडे भरले. पंधरवड्याने काकूंचा फोन आला.

"ताई, तुमचे लई उपकार. दोघं भाऊ आता एका ताटात जेवून राह्यले. वावर बी एकच करतो म्हणतात. कालच धुरा मोडला."

"आणि झाडं?"

"आता कायले पायजे झाडं?"

मी अभिनंदन केलं, अगदी मनापासून. फोन ठेवल्यावर मात्र त्या सात ठिपक्यांचा फोटो पुन्हा उघडला. मोजणीच्या दिवशी झाडं उभी होती, म्हणून नियमाप्रमाणे अहवालात ती तशीच राहिली. ते भाऊ बोलत नव्हते तेच बरं होतं, असं अजूनही मधेच मनात येतं, आणि मग माझी मलाच लाज वाटते.